संगणकाच्या पोटातील खतावणी

व्यापाऱ्याची पेढी आणि तिची वही यांचा संबंध देह आणि प्राण यांसारखा आहे, असे आपले वाडवडील मानीत आले. ती वही आज लाल बासनातून निघून संगणकात जाऊन बसली आहे. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, मालाची आवक-जावक, उधारीची बाकी, वाहतुकीची ई-वे बिले हे सारे आता त्या यंत्राच्या हवाली आहे. ज्या मुनीमाच्या हाती आपण तिजोरीची किल्ली देतो, त्याची रीतभात आपण आधी पारखून घेतो; परंतु ज्या यंत्राच्या हाती सबंध पेढी दिली, त्याची रीतभात आपणांपैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. आम्हीही ती पाहिली नव्हती. पाहण्याची बुद्धी आम्हांस एका नुकसानीने दिली.

काही वर्षांपूर्वीची मार्चअखेरची संध्याकाळ होती. बेळगावातील आमच्या भुसार मालाच्या पेढीवर वर्षाचे शेवटचे कागद छापावयाचे होते. एकाएकी पडद्यावरील खिडकी पांढुरकी झाली आणि ती प्रतिसाद देत नसल्याची अक्षरे वर उमटली. आमच्या चिरंजीवांनी पाच मिनिटे वाट पाहिली आणि कळ दाबून धरून यंत्र बंद केले. यंत्र पुन्हा सुरू झाले खरे, परंतु मालसाठ्याची फाईल उघडेना. तिची शेवटची सुरक्षित प्रत अकरा दिवसांपूर्वीची निघाली. त्या अकरा दिवसांची बिले आणि वजनचिठ्ठ्या पुढ्यात घेऊन घरातील चौघांनी सहा रात्री जागून नोंदी पुन्हा केल्या.

मागाहून एका जाणत्या कारागिराने सांगितले की, हिशेबाचा कार्यक्रम मेलेला नव्हताच. छपाईचे कागद प्रिंटरकडे पोहोचविणारे निराळेच एक काम अडकले होते, आणि हिशेबाचा कार्यक्रम साठ्याच्या फाईलचे लिखाण अर्धे करून त्या कामाची वाट पाहत थांबला होता. ते एक काम तेवढे मोडले असते, तर बाकीचे आपोआप मार्गी लागले असते. हे ऐकून आमचे वृद्ध दिवाणजी चिरंजीवांस एवढेच म्हणाले, “धाकटे मालक, गडी वखारीत पोती मोजीत असताना वखारीचा दिवा कुणी मालवतो का?”

त्या दिव्याच्या उजेडात आत कोण कोण काम करीत असते आणि त्यांची गणती कोण ठेवते, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही त्यानंतर केला. त्यातून जे हाती आले ते व्यापारी बंधुभगिनींपुढे आणि विशेषतः पेढीवर नव्याने बसू लागलेल्या मुलामुलींपुढे ठेवीत आहोत.

कार्यक्रम आणि प्रक्रिया

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. डिस्कवर पडून असलेला हिशेबाचा कार्यक्रम म्हणजे केवळ लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी होय. करारनाम्याचा छापील नमुना कपाटात असला म्हणून सौदा झाला असे होत नाही. नमुना बाहेर काढला, त्यावर नावे पडली, रक्कम ठरली, माल हलू लागला, म्हणजे सौदा सुरू झाला. त्याचप्रमाणे कार्यक्रम उघडला, त्यास स्मृतीत जागा मिळाली आणि त्यातील आज्ञा एकामागून एक अमलात येऊ लागल्या, म्हणजे त्यास ‘प्रक्रिया’ अथवा ‘प्रोसेस’ म्हणतात. एकाच नमुन्यावर दहा सौदे होऊ शकतात. तसाच एकच कार्यक्रम दोनदा उघडला तर दोन निराळ्या प्रक्रिया जन्मतात, आणि एकीचे देणेघेणे दुसरीच्या खाती मांडले जात नाही.

या सर्व प्रक्रियांवर देखरेख करणारी जी मूळ व्यवस्था, ती ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्या पेढ्यांवर बहुधा विंडोज असते. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरांवर लिनक्सचा प्रसार फार आहे, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीच्या मुळाशीही लिनक्सच आहे. लिनक्सची सुरुवात फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली केली. आणि तिची घडण ज्या युनिक्सच्या धर्तीवर झाली, ती युनिक्स अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून उभी केली होती. पुढील विवेचनात आम्ही मुख्यतः लिनक्सचे उदाहरण घेतले आहे, कारण तिचे अंतरंग सर्वांस वाचावयास खुले आहे.

प्रत्येकाचे एक खाते

आपल्या खतावणीत प्रत्येक आसामीचे एक पान असते. ऑपरेटिंग सिस्टिमही प्रत्येक प्रक्रियेचे असेच एक पान उघडते. त्या पानावर पहिली नोंद क्रमांकाची. प्रत्येक प्रक्रियेस जन्मतःच एक क्रमांक मिळतो, आणि ती जिवंत असेतो तो दुसऱ्या कोणास दिला जात नाही. मग तिची जन्मदात्री प्रक्रिया कोणती, ती कोणा वापरकर्त्याच्या नावे चालते, तिने स्मृतीचा कोणता भाग घेतला आहे, कोणत्या फाईली उघडल्या आहेत, प्रोसेसरचा किती वेळ खर्च केला आहे आणि सध्या ती कोणत्या अवस्थेत आहे, या नोंदी येतात. ‘जन्मदात्री’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. युनिक्सच्या परंपरेत नवी प्रक्रिया ही एखाद्या चालू प्रक्रियेतूनच फुटून निघते. अशा रीतीने सर्वांची एक वंशावळ तयार होते, आणि तिच्या मुळाशी क्रमांक १ ची प्रक्रिया असते.

या पानावरील एक नोंद मात्र आपल्या खतावणीत नसते, आणि सर्व चमत्कार तिच्यातच आहे. प्रक्रिया मध्येच थांबविली गेली, तर ती नेमक्या कोणत्या आज्ञेपर्यंत आली होती आणि त्या क्षणी प्रोसेसरच्या हाती कोणते आकडे होते, हेही तेथे जसेच्या तसे टिपून ठेवले जाते. बेरीज करता करता उठावे लागले, तर चतुर कारकून हातचा आकडा पेन्सिलीने समासात लिहून ठेवतो. परत आला की तेथूनच पुढे चालू. संगणकही हेच करतो, आणि म्हणून शंभरदा थांबविलेल्या बेरजेतही चूक होत नाही.

तीन अवस्था

प्रक्रियेच्या मुख्य अवस्था तीन. आपल्या दुकानाच्या गल्ल्यापुढील चित्र डोळ्यांसमोर आणावे. एका गिऱ्हाइकाचे बिल होत आहे, ते ‘चालू’. माल निवडून हातात पैसे घेऊन रांगेत उभे आहेत, ते ‘तयार’. आणि काही गिऱ्हाइके माल बाजूस ठेवून घरी विचारावयास किंवा बँकेतून रक्कम आणावयास गेली आहेत, ती ‘प्रतीक्षेत’. ही तिसऱ्या प्रकारची गिऱ्हाइके रांगेत उभी करून गल्ला अडवून ठेवणारा दुकानदार मूर्ख ठरेल.

संगणकात ही प्रतीक्षा अनेक प्रकारची असते. डिस्कवरून फाईल येण्याची, कळफलकावर बोट पडण्याची, दूरच्या सर्व्हरचे उत्तर येण्याची, प्रिंटर मोकळा होण्याची. साध्या कार्यालयीन यंत्रात कोणत्याही क्षणी शंभर-दोनशे प्रक्रिया असतात, परंतु त्यांतील बहुतेक प्रतीक्षेतच असतात आणि प्रोसेसरचा वेळ खात नाहीत. अपेक्षित वस्तू आली, की ऑपरेटिंग सिस्टिम त्या प्रक्रियेच्या पानावरील ‘प्रतीक्षेत’ ही नोंद खोडून ‘तयार’ असे लिहिते. आमच्या पेढीवर त्या संध्याकाळी जी प्रक्रिया मेली असे आम्ही समजलो, ती या तिसऱ्या अवस्थेत होती.

पाळी लावणारा

आरंभीच्या काळी यंत्र एक काम हाती घेई आणि ते संपल्यावाचून दुसरे घेत नसे. मध्येच कागद येईपर्यंत ते लाखमोलाचे यंत्र रिकामे बसे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये निराळी रीत करून दाखविली. एकच यंत्र अनेकांच्या कामांत थोडा थोडा वेळ वाटून द्यावयाचे, आणि ही वाटणी इतक्या वेगाने करावयाची की प्रत्येकास यंत्र आपलेच वाटावे. आजच्या यंत्रात प्रोसेसरचे चार-आठ गाभे असतात, तथापि कामे त्यांहून अधिकच असतात. म्हणून पाळीची रीत सुटलेली नाही.

पाळी मोडण्याचा अधिकार मात्र प्रक्रियेच्या मर्जीवर ठेवलेला नाही. यंत्रात एक घड्याळ असते. ते सेकंदास शेकडो वेळा टोला देते. लिनक्समध्ये बांधणीनुसार १००, २५० किंवा १००० वेळा. टोला पडताच चालू प्रक्रियेच्या हातून सूत्रे निघून ऑपरेटिंग सिस्टिमकडे येतात. या प्रक्रियेचा वाटा संपला असेल, तर तिचा हातचा आकडा पानावर टिपून दुसरीचे पान उघडले जाते. एखादा कार्यक्रम वेड्यासारखा त्याच त्या आज्ञा घोळवीत बसला, तरी तो सबंध यंत्र गिळू शकत नाही, याचे श्रेय या टोल्यास आहे.

पुढची पाळी कोणाची, या प्रश्नावर विद्वानांनी बराच खल केला आहे. लिनक्सने २००७ साली स्वीकारलेली रीत व्यापाऱ्यास चटकन उमजेल. प्रत्येक प्रक्रियेने आजवर किती वेळ घेतला याची खाती उचल मांडावयाची, आणि जिची उचल सर्वांत कमी, तिला पुढची पाळी द्यावयाची. ज्या कामास अधिक मान द्यावयाचा, त्याची उचल हलक्या दराने मांडावयाची, म्हणजे त्याची पाळी वारंवार येते. २०२३ साली ही रीत सुधारून, कोणाचे काम कोणत्या मुदतीपर्यंत व्हावे याचाही विचार तीत आणला गेला. पाळी लावणाऱ्यापुढील पेच मात्र जुनाच आहे. लहान कामाने ताटकळू नये आणि मोठ्या कामाने उपाशी राहू नये, या दोन्ही गोष्टी एकदम साधावयाच्या असतात.

मंगळावरील कुलूप

मान कमी-अधिक ठेवला म्हणजे सर्व सुरळीत होते असे नाही, याचा धडा मंगळावर मिळाला. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्यावरील संगणक मधूनमधून स्वतःस बंद करून पुन्हा सुरू होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर पडे.

कारण असे निघाले. यानावर एक अतिमहत्त्वाची प्रक्रिया यंत्राच्या निरनिराळ्या भागांतील माहितीची ने-आण पाहत होती. हवामानाची मोजणी करणारी दुसरी प्रक्रिया सर्वांत कमी मानाची होती. दोघींना एकच सामाईक साधन लागे, आणि त्यास एका वेळी एकीनेच वापरावे म्हणून कुलूप होते. कधी काळी हवामानवाली कुलूप लावून आत असताना मधल्या मानाच्या प्रक्रिया जाग्या होत. त्यांचा मान अधिक, म्हणून पाळी त्यांना मिळे. हवामानवालीस पाळी मिळेना म्हणून कुलूप उघडेना, आणि कुलूप उघडेना म्हणून सर्वांत महत्त्वाची प्रक्रिया दारातच तिष्ठत राही. तिचे काम वेळेवर झाले नाही, हे पाहून यानावरील पहारेकरी व्यवस्था सबंध संगणकच पुन्हा सुरू करी. गाड्यावरचा हमाल रस्त्यात अडला की मागे मालकाची मोटारही अडते, तशातली ही गत.

पृथ्वीवरील शास्त्रज्ञांनी यानाच्या जुळ्या यंत्रावर तोच दोष घडवून पाहिला आणि उपाय यानाकडे पाठविला. ज्या कुलपासाठी थोर प्रक्रिया थांबली असेल, ते ज्याच्या हाती आहे त्यास कुलूप सोडीपर्यंत थोराचाच मान द्यावा, हा तो नियम. नियम त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून होता. त्या विशिष्ट कुलपापुरता तो चालू केलेला नव्हता, इतकेच.

सावध सावकार

याहून कठीण पेच म्हणजे परस्परांत गुंतणे. पहिलीच्या हाती फाईल आहे आणि तिला प्रिंटर हवा; दुसरीच्या हाती प्रिंटर आहे आणि तिला फाईल हवी. दोघीही हातचे सोडीत नाहीत आणि दोघीही कायमच्या थांबून राहतात. या पेचावर नेदरलंडमधील एड्सगर डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात जी तोड सुचविली, तिचे नावच ‘सावकाराची रीत’ असे आहे. ती सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

एका सावकाराजवळ १० लक्ष रुपये भांडवल आहे. तीन व्यापाऱ्यांनी आपली कमाल गरज आधीच सांगितली आहे, आणि गरज पूर्ण भागल्यावर धंदा उरकून सर्व रक्कम परत करण्याचे वचन दिले आहे. पहिल्याची गरज ८ लक्ष, उचल ४. दुसऱ्याची गरज ५, उचल २. तिसऱ्याची गरज ७, उचल १. एकूण ७ लक्ष बाहेर गेले, ३ लक्ष तिजोरीत उरले. ही स्थिती सुरक्षित आहे. दुसऱ्यास आणखी ३ दिले की त्याचे काम होऊन ५ लक्ष परत येतात. त्यातून पहिल्यास ४ दिले की त्याचे ८ लक्ष परत येऊन तिजोरीत ९ होतात. मग तिसऱ्याचे ६ लक्ष सहज भागतात.

आता तिसरा म्हणतो, “शेठजी, आज फक्त १ लक्ष द्या.” तिजोरीत ३ आहेत, द्यावयास काय हरकत? परंतु दिल्यावर २ उरतील, आणि तिघांची राहिलेली गरज ४, ३ आणि ५ अशी असेल. तिघांनीही उरलेली गरज पुढे मांडली, तर एकाचीही भागणार नाही; कोणाचेच काम पुरे होणार नाही, आणि कोणाकडूनही वसूल येणार नाही. म्हणून सावध सावकार तिजोरीत पैसे असूनही तिसऱ्यास “थोडे थांबा” असे सांगतो. मागणी पुरविता येते की नाही, याबरोबरच ती पुरविल्यानंतर सर्वांची सुटका होण्याचा एक तरी मार्ग उरतो की नाही, हे तो पाहतो.

सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही रीत फारशी चालवीत नाहीत, कारण प्रक्रिया आपली कमाल गरज आधी सांगत नाहीत. तेथे गुंता टाळण्याची जबाबदारी कार्यक्रम लिहिणाऱ्यावर येते. आपल्या यंत्रात कामे कधी कधी खरोखरच कायमची अडकतात, त्याचे हेही एक कारण आहे.

खाते मिटविणे

काम संपले की प्रक्रिया आपली स्मृती व फाईली परत करते. परंतु तिचे पान लगेच फाडले जात नाही. काम सिद्धीस गेले की फसले, हा अखेरचा शेरा त्यावर असतो, आणि जन्मदात्रीने तो वाचीपर्यंत पान राहते. शेऱ्यात शून्य असले की काम ठीक झाले, असा संकेत आहे. जन्मदात्रीने शेरा वाचलाच नाही, तर अशा मेलेल्या परंतु खाते न मिटलेल्या प्रक्रियेस ‘झाँबी’ म्हणतात. ती वेळ वा स्मृती खात नाही, खतावणीतील एक पान मात्र अडवून ठेवते. आणि पानांना मर्यादा आहे. उलट, जन्मदात्री आधी गेली, तर पोरक्या प्रक्रियेस सामान्यतः क्रमांक १ ची प्रक्रिया दत्तक घेते आणि तिचा अखेरचा शेरा वाचते. बेवारस खाते म्हणून कोणतेच राहू दिले जात नाही.

चालू प्रक्रिया बंद करण्याच्या रीती दोन आहेत. लिनक्समध्ये १५ क्रमांकाची खूण म्हणजे सौम्य सूचना : आवरते घ्या, वह्या मिटवा आणि निघा. ९ क्रमांकाची खूण म्हणजे तडकाफडकी गच्छंती. तीत वही मिटविण्यास क्षणाचीही सवड नाही. आणि जी प्रक्रिया डिस्कचे उत्तर येण्याची विशिष्ट प्रकारे वाट पाहत असते, तिला ९ ची खूणसुद्धा ते उत्तर येईतो लागू पडत नाही. यंत्राची कळ दाबून धरणे हे मात्र या दोहोंपलीकडचे आहे. त्यात दोषी प्रक्रियेबरोबर शेदोनशे निर्दोष प्रक्रियांची कामेही होती तेथे तुटतात. आजकाल डिस्कवरील फाईलींची मांडणी अशा आघातातून बहुधा सावरते; परंतु अर्ध्या लिहिलेल्या साठ्याच्या नोंदीचा दुसरा अर्धा भाग तिला ठाऊक नसतो.

पेढीवरील उपयोग

हे सारे जाणून व्यवहारात काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, विंडोजमधील ‘प्रतिसाद नाही’ या सूचनेचा अर्थ एवढाच की, त्या खिडकीने सुमारे ५ सेकंद आपले निरोप उचलले नाहीत. काम मेले, असा तिचा अर्थ नव्हे.

दुसरी गोष्ट, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो; तीच ही खतावणी. हिशेबाच्या कार्यक्रमापुढील प्रोसेसरचे व डिस्कचे आकडे हलत असतील, तर काम चालू आहे, वाट पाहावी. आकडे शून्यावर थिजले असतील, तर तो कशाची तरी प्रतीक्षा करीत आहे. ती कशाची, हे शोधावे. प्रिंटर बंद आहे काय, जोडणी तुटली आहे काय, दुसऱ्या यंत्रावर तीच फाईल कोणी उघडून बसले आहे काय, हे पाहावे.

तिसरी गोष्ट, मोडावयाचेच झाले तर जे अडकले आहे तेवढेच मोडावे. आधी खिडकीच्या फुलीने, आणि अगदी निरुपाय झाला तर ‘एंड टास्क’ने. छपाई अडली असेल, तर प्रिंट स्पूलर ही सेवा तेवढी थांबवून पुन्हा सुरू करावी. हिशेबाच्या कार्यक्रमास हात लावण्याआधी ज्याच्याकडून तो घेतला त्यास विचारावे.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट, वीज गेली तरी यंत्रास वह्या मिटविण्यास सवड मिळावी म्हणून बॅटरीची सोय ठेवावी. आणि दुकान वाढविताना जशी रोकड मोजतो, तशी फाईलींची प्रत रोज निराळ्या जागी काढावी. आमच्या पेढीवर आता हे काम चिरंजीव स्वतः करतात, आणि प्रत उघडते की नाही हे दर शनिवारी दिवाणजींस दाखवितात. दिवाणजींस संगणक चालविता येत नाही; तथापि साठ्याची बेरीज आणि वखारीतील पोती यांचा मेळ बसला की नाही, हे त्यांच्याइतके अचूक आमच्या पेढीवर अन्य कोणी सांगू शकत नाही.

हा विषय फार मोठा आहे, आणि आम्ही काही त्यातील पंडित नव्हे. एका व्यापाऱ्याने सहा रात्री जागून जे शिकले, ते दुसऱ्या व्यापाऱ्यास एका बैठकीत वाचता यावे, एवढाच हेतू होता. पुढच्या मार्चअखेरीस एखाद्या पेढीवर पडदा थिजला असता कोणाचा हात कळेकडे जाता जाता थांबला, तर आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.